मुका ई

दर शुक्रवारी मुलं बसमध्ये चढली की
मी पालकांना चिठ्ठी लिहायला बसते.
एकच पान. कागद मोजून मिळतात.

या आठवड्यात आम्ही शिकलो : मुका ई.
शब्दाच्या टोकाला मूग गिळून बसतो,
स्वतः हूं की चूं करत नाही,
पण आधीच्या स्वराचा आवाज बदलून टाकतो.
कॅपचा केप होतो. पिनचं पाइन.
थिओडोर म्हणाला, "म्हणजे तो बॉस आहे."
डेल्फिन म्हणाली, "छे, तो लाजतो."
मतदान घेतलं. अकरा विरुद्ध सात, लाजण्याच्या बाजूनं.
एकानं हात वर केला नाही.

गणितात : दहा करून बेरीज.
आठ आणि पाच. पाचातले दोन आठाला द्यायचे,
दहा झाले, उरले तीन, तेरा.
इद्रिसनं विचारलं, "पाचाला ते परत कधी मिळतात?"
(हे चिठ्ठीत नाही.)

मंगळवारी कॅलेबचा दात सफरचंदात राहिला.
दात पाकिटात घातला, सफरचंद त्यानं संपवलं.
दातांच्या तक्त्यावर मार्चचे आता सात.

बुधवारी बर्फ. शाळा बंद. तुम्हाला माहीतच आहे.

वाटाणे रुजले. हीटरवरच्या कागदी पेल्यांत,
खिडकीतून नदी दिसते त्या बाजूला.
नदीवरचा बर्फ फुटतो तेव्हा काच थरथरते
आणि सगळे धावतात; कुणाचा तरी पेला सांडतो.
कृपया जुने टॉवेल पाठवा.

लिबानबद्दल काय लिहू?
जानेवारीत आला, अजून एक शब्द बोललेला नाही.
आधी होदान त्याच्यासाठी सोमालीत विचारायची,
मग तिनं राजीनामा दिला :
"बाई, तो काही बोलला तर मी इंग्रजी करीन ना!"
रांगेत तो शेवटचा. दिवा बंद करायचं काम त्याचं.
तो मागे असला की कॅलेब ढकलत नाही.
मार्गो, जी पुस्तकात तोंड लपवून पुटपुटायची,
ती आता मोठ्यानं वाचते,
कारण तो तिच्या ओळीखालून बोट सरकवत नेतो
आणि बोट थांबलं की तिला थांबावं लागतं.

गुरुवारी तो आला नाही. लस होती.
पाण्याच्या नळाशी मारामारी झाली,
मार्गोचा घसा दुखायला लागला,
आणि जेवणाची सुट्टी संपेपर्यंत
रिकाम्या वर्गात दिवा जळत राहिला.

माझे आजोबा याच गावच्या कापडगिरणीत होते.
लहानपणी शाळेत फ्रेंच बोललं की पट्टी बसायची.
हाताची घडी, तोंडावर बोट, पाच वर्षं.
"मास्तरांना वाटायचं मी बिनडोक आहे," ते सांगायचे,
आणि मग घरी रात्री अकरापर्यंत थांबायचे नाहीत.
हेही चिठ्ठीत नाही.
चिठ्ठीत : कोरडे हातमोजे द्या. दोन द्या.
एकसारखे नसले तरी चालतील.

आज शब्दलेखनाची चाचणी. दहा शब्द, दहाही मुक्या ईचे.
काहींनी ई विसरला, काहींनी जिथेतिथे पेरला :
कुत्र्याला, बसला, थिओडोरनं तर माझ्या नावाला.
लिबानचे दहाच्या दहा बरोबर.
फक्त वर, नावाच्या रेघेवर,
स्वतःच्या नावाच्या टोकाला
त्यानं एक ई बसवला होता,
बाकीच्या अक्षरांपेक्षा जरा लहान, पण नीट.

लाल पेन हातात होतं. खोडला नाही.
खुर्च्या बाकांवर उलट्या ठेवलेल्या,
बाहेर शेवटची बस वळत होती.
मी त्याचं नाव मोठ्यानं वाचून पाहिलं,
आधी नेहमीसारखं, मग ई धरून.
दुसऱ्यांदा वाचताना मधला स्वर लांबला,
मला तो नीट जमला नाही.

पुढच्या आठवड्यात : घड्याळ.
फक्त पूर्ण तास.